हात गरम करून या

सकाळी आठपासून ग्रिम्सबीच्या दवाखान्यात
मी लोकांचं रक्त काढते.
दारावर पाटी आहे : हात गरम करून या.
गार हातांतल्या शिरा आत दडून बसतात,
वसुलीवाला दारात आल्यासारख्या.

आज मिस्टर ब्लँचर्ड. वय एक्क्याऐंशी.
तीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर, पार आइसलँडपर्यंत.
माणूस किनाऱ्याला लागला,
बोटं तिकडेच बर्फात राहिली.
टोकं पांढरीफटक, खडूसारखी.
मी त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत धरते,
तर तेच म्हणतात, पोरी, तुझेच किती गार आहेत.

फॉर्मवरचा सहावा प्रश्न :
रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर
आणखी काही घेता? काढा, मुळ्या, पाला, घरगुती काही?
सगळे 'नाही' म्हणतात.
मग मास्कमधूनही लसणाचा वास येतो.
एक बाई तर हळदीनं पिवळी झालेली बोटं
पर्सखाली लपवून 'नाही' म्हणाल्या होत्या.

ब्लँचर्ड कोटाच्या खिशातून बाटली काढतात.
हॉथॉर्नची लाल फळं, ब्रँडीत मुरवलेली.
कुंपणाची, कालव्याकडच्या वाटेवरची.
मॉरीननं केलेली. लेबलवर तिचंच अक्षर :
'क्लिफच्या रक्तासाठी. रोज एक चमचा.'
तळाशी दोनतीन चमचे उरलेत.

मी शिकवलेलं बोलते :
गोळी आणि हे एका घरात नांदतील का,
ते डॉक्टरांना ठरवू द्या.
ते झाकण उघडतात, हुंगतात, परत घट्ट लावतात.
पीत नाही गं, म्हणतात. तीन वर्षं झाली.
संपेल ना.

हुंगण्यासाठी फॉर्मवर चौकोन नाही.
मी 'नाही' वर खूण करते.

सुई आत. पट्टा सैल.
रक्त येतं, सावकाश, म्हातारं, पण येतं.
ते छताकडे बघत सांगतात,
बाप समुद्रावरून आला की आई
टबात कढत पाणी ओतायची, त्यात मूठभर मोहरीची पूड.
पाय शेकायचे, मगच जेवण.
लाल व्हायचे बघ, उकडलेल्या खेकड्यासारखे!

मोहरी.
आमच्या बार्शीत ती फोडणीत तडतडते,
नाहीतर मिठासोबत माणसावरून उतरून चुलीत जाते.
पायाखाली घ्यायचं कधी सुचलं नाही.
कापूस दाबून धरा, मी म्हणते. दोन मिनिटं.

घरी येते तेव्हा विश्राम
शीतगृहातली रात्रपाळी करून पलंगावर आडवा.
उणे बावीस. कॉड, हॅडॉक, खोकीच्या खोकी.
दोन जोड मोजे काढले तरी
आत पाय नाहीत, दोन फरशा आहेत.

तिळाच्या तेलात ओवा, दोन पाकळ्या लसूण, मंद आच.
आणि आईची काशाची वाटी,
येताना सामानात साड्यांच्या घडीत आलेली.
बार्शीला ती उष्णता उतरवायला असायची,
एप्रिलमध्ये, गच्चीवर, आजूबाजूला कुरडया वाळत असताना.
इथे मी तिला नेमकं उलटं काम लावलंय.
बिचारी कुरकुरत नाही.

घासता घासता तेल काळं पडतं.
आई म्हणायची, बघ, निघाली उष्णता.
पुढे कळलं, ते काशाचं आणि तेलाचं आपसातलं प्रकरण,
उष्णतेचा काही संबंध नाही.
आईला सांगितलं नाही.

टाच, चवडा, बोटांच्या बेचक्या.
अर्धा तास तरी जातो.
माझे तळवे आधी गरम होतात,
मग त्याचा अंगठा, नखाखाली हळूच गुलाबी.
घोट्याजवळ एक निळी शीर वर येते.
सवयीनं बोट ठेवून दाबून बघते.

चांगली शीर आहे, मी म्हणते.
तो घोरतोय.